लाइट परत आल्यावर कॅनिस्टर लगेच सुरू होऊ देऊ नका

तुम्ही लिहिलंय की मुलुंडला केबल फॉल्टमुळे रात्री गेलेली लाइट सकाळी सात-आठ तासांनी आली. तीन फुटी फिश टँक, पाच गोल्डफिश, खाली कपाटात कॅनिस्टर, म्हणजे नळ्यांनी टँकला जोडलेला डब्यासारखा फिल्टर. रात्रभर पाचही मासे तगले. लाइट आली, कॅनिस्टर आपोआप सुरू झाला, नळीतून काळपट पाणी आलं, वास सुटला आणि दुपारपर्यंत दोन गेले. रात्रभर जगलेले मासे लाइट आल्यावर कसे मेले, हा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, कारण खरी गोम तिथेच आहे.

फिल्टरमधले उपयोगी जीवाणू माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट (तेही विषारीच) आणि नायट्राइटचं बरंच कमी घातक नायट्रेट करतात. या दोन्ही कामांना ऑक्सिजन लागतो. पाणी फिरतं तोवर तो टँकमधून मिळत राहतो. कॅनिस्टर मात्र झाकण लावून घट्ट बंद केलेला डबा. 30 अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये जास्तीत जास्त साडेसात मिलीग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे डब्यात चार लिटर पाणी धरलं तर सगळा साठा फार तर 30 मिलीग्रॅम. तेवढ्यावर जीवाणूही जगणार आणि स्पंजात साठलेला गाळही कुजणार. दोन-तीन तासांत तो साठा संपायला लागतो. मग ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जीवाणूंचं राज्य सुरू होतं, आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांनी केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. लाइट आली की हे पाणी, त्यातल्या अमोनियासकट, पहिल्या मिनिटातच टँकमध्ये येतं. रात्रभर कमी ऑक्सिजनवर दमलेल्या माशांना तो मार सोसत नाही.

म्हणून लाइट गेली की सगळ्यात आधी कॅनिस्टरचा प्लग काढायचा. मेणबत्ती शोधायच्याही आधी. तासाभरात लाइट आली तर प्लग लावून टाका, काही बिघडत नाही. दोन तासांच्या वर गेली तर झाकण उघडल्याशिवाय सुरू करायचा नाही. आतलं पाणी मोरीत ओता, मीडिया (स्पंज, सिरॅमिक रिंग्ज असं जीवाणू ज्यावर वाढतात ते सामान) टँकच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत हलकेच खळबळून घ्या, डबा परत टँकच्या पाण्याने भरा आणि मग चालू करा. नळाखाली मीडिया धुऊ नका. पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन उरलेसुरले जीवाणूही मारून टाकेल.

लाइट लवकर येत नाही असं दिसलं तर वाट बघत बसू नका. डबा तेव्हाच उघडा. सिरॅमिक रिंग्ज कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरा आणि टँकमध्ये पृष्ठभागाच्या जरा खाली, एअर स्टोनच्या (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाच्या) जवळ, लटकवून ठेवा. जीवाणूंना ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की ते बराच काळ तग धरतात. कोंडलेल्या डब्यात तेच हाल होऊन मरतात.

आता हवेचं. तुमच्या टँकमध्ये साधारण सव्वाशे लिटर पाणी आहे, आणि गोल्डफिश खातात खूप, घाण करतात खूप, त्यांना ऑक्सिजनही खूप लागतो. बेटा किंवा गुरामी जातीचे मासे वरून हवा घेऊ शकतात, त्यामुळे कुणी "आमच्याकडे रात्रभर लाइट नव्हती, काही झालं नाही" म्हणालं तर आधी त्यांच्याकडे मासे कोणते ते विचारा. गोल्डफिश पृष्ठभागाला तोंड लावून पुन्हा पुन्हा ओठ हलवायला लागले की ऑक्सिजन संपत आला म्हणून समजा. त्या वेळी काच किंवा झाकण काढा, मग्याने टँकमधलंच पाणी घेऊन फूटभर उंचावरून परत ओता. पाच-दहा मिनिटं ओतलं की थांबा, अर्ध्या तासाने पुन्हा. कंटाळवाणं काम आहे, पण हाताशी दुसरं काही नसेल तर यानेच मासे वाचतात. खाणं टाकायचं नाही, एक दाणासुद्धा नाही.

यापेक्षा सोपी सोय म्हणजे यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप आणि पॉवर बँक. असा पंप एक ते दीड वॉट खातो. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे 37 वॉट-तास असतात, काही वाया गेले तरी पंधरा-सोळा तास निघतात. यात एक खाच आहे, ती विकत घेताना कुणी सांगत नाही. बऱ्याच पॉवर बँका करंट फार कमी ओढला जातोय असं दिसलं की मोबाइल चार्ज झाला असं समजून स्वतःच बंद होतात. तुम्ही झोपलात आणि ती अर्ध्या तासात बंद पडली तर सोय असून नसल्यासारखी. म्हणून लाइट असतानाच एका सुट्टीच्या दिवशी तीन-चार तास पंप पॉवर बँकेवर चालवून बघा. क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याच्या मासेवाल्यांकडे चौकशी केलीत तर आतच बॅटरी असलेले, लाइट गेली की आपोआप बॅटरीवर जाणारे पंपही मिळतील. परवडत असेल तर तोच घ्या.

आणि पंपाला साधा एअर स्टोन जोडण्याऐवजी स्पंज फिल्टर (हवेच्या जोरावर स्पंजातून पाणी ओढणारा फिल्टर) जोडा, ही माझी आग्रहाची विनंती. कॅनिस्टर असला तरी प्रत्येक टँकमध्ये एक स्पंज फिल्टर कायम चालू असावा. त्यात जीवाणूंची स्वतःची वसाहत तयार होते, आणि लाइट गेल्यावर त्याच एका नळीतून हवाही मिळते आणि पाणीही साफ होत राहतं. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) लावायलाच हवा. नाहीतर लाइट गेली की नळीतून पाणी उलटं उतरतं आणि थेट कपाटातल्या एक्स्टेंशन बोर्डवर पडतं. व्हॉल्व्ह अगदी स्वस्त असतो.

घरी इन्व्हर्टर असेल तर एअर पंप त्याच्या लाइनवर घ्या. फिल्टरची मोटर मात्र साइन वेव्ह इन्व्हर्टरवरच. स्क्वेअर वेव्हवर ती घरघरते आणि तापते. पण मुंबईत इन्व्हर्टर असलेली घरं थोडीच, कारण लाइट क्वचित जाते. जाते तेव्हा मात्र चांगलीच जाते. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी ग्रिड बसलं, लोकलही थांबल्या, काही भागांत लाइट यायला कित्येक तास लागले, तेही ऑक्टोबरच्या उकाड्यात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तर काही वस्त्यांत लाइट कित्येक दिवस नव्हती. तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं की सुरक्षेसाठी पुरवठा मुद्दाम बंद ठेवतात, तो लवकर येईल या भरवशावर राहू नका.

अशा वेळी सोसायटीचा पंपही बंद असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की वॉटर चेंजला पाणी कुठून आणणार? पावसाळ्यात अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) टाकलेल्या पाण्याच्या दोन बादल्या भरून झाकून ठेवा. पाणीपुरवठा बंद पडून परत सुरू झाल्यावर नळाला येणारं पहिलं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं, ते टँकला वापरू नका.

आता तुमचे तीन मासे. अमोनिया आणि नायट्राइटच्या टेस्ट किट आजच आणा. पुढचा आठवडाभर दोन्ही रोज तपासा, आणि त्यातलं काहीही दिसलं तर 25 ते 30 टक्के पाणी बदला. घाबरून एकदम निम्म्याच्या वर बदलू नका. आपल्याकडचं तलावाचं पाणी मृदू असतं, जुन्या टँकमध्ये त्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तर पाणी जास्त आम्ल) हळूहळू उतरतो, आणि कमी पीएचला अमोनिया बराचसा कमी विषारी अमोनियमच्या रूपात असतो. एकदम भरपूर ताजं पाणी टाकलं तर पीएच वर जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो. नायट्राइट दिसलं तर लिटरला एक ग्रॅम जाडं मीठ, म्हणजे तुमच्या टँकला सव्वाशे ग्रॅम, मग्यात विरघळवून तासाभरात थोडं थोडं घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला माशाच्या रक्तात शिरू देत नाही. दोन दिवस खाणं बंद, नंतर आठवडाभर निम्मं. कॅनिस्टर पुन्हा धुऊ नका, त्यात उरलेले जीवाणू आता सावरतायत.

गावी जाणार असाल तर कॅनिस्टरच्या प्लगला लाल टेप लावा आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा: लाइट गेली की लाल टेपवाला प्लग काढायचा, आणि आम्ही येईपर्यंत परत लावायचा नाही. तोवर स्पंज फिल्टर टँक सांभाळतो. माशांना खायला घालायला मात्र त्यांना सांगू नका. चार-पाच दिवस उपास मोठ्या गोल्डफिशला सहज झेपतो, पण सांगितलं की प्रेमाने मूठभर टाकलं जातं आणि ते सगळं तळाशी कुजतं.