आई व्यायामाला तयार नाही

प्रश्न : आई वेंगुर्ल्याला असते. आयुष्य काजूच्या कारखान्यात गेलं. काही वर्षं कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये ऑपरेशन करण्यासारखं काही निघालं नाही. व्यायाम सांगितलेत, पण ती करत नाही. ‘माका सुई व्हयी,’ एवढंच म्हणते. काय करू?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : दादा, आईला हट्टी म्हणू नका. दुखणं बरं करणं डॉक्टरचं काम, हेच तिने जन्मभर पाहिलंय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट कर्न्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी एक प्रश्नावली केली. तिच्यात मनाच्या चार पायऱ्या आहेत : बदलाचा विचारच नाही, विचार सुरू झाला, कृती सुरू झाली, कृती टिकली. आई पहिल्या पायरीवर, आणि हातात व्यायामाचा कागद तिसरीचा! माणूस मागेही येतो. शिमग्यापर्यंत नेमाने चालणारी बाई पावसात पुन्हा सुई मागते, हे मी दवाखान्यात नेहमी बघते.

आधी तिचं दुखणं खरं आहे, हे तिच्यासमोर बोला. तीन महिन्यांपलीकडे टिकलेल्या दुखण्यात रिपोर्ट साफ असूनही नसा जास्त संवेदनशील झालेल्या असू शकतात. मग विचारा, कंबरेमुळे काय सुटलं? कदाचित सातेरीच्या देवळाचं नाव घेईल, कदाचित मासळीबाजाराचं. ते उत्तर तिच्याच तोंडून येऊ दे. मग सोबत अर्ध्या वाटेपर्यंत चाला, व्यायामाचं नावही काढू नका.

पाय लुळे पडणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप किंवा विनाकारण वजन घटणं दिसलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.