डोपामिन चेतापेशींवर संशोधन करायचंय, सर्टिफिकेट कोर्स करू का?

प्रश्न : मी साताऱ्यात बीएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मूलपेशींपासून डोपामिन चेतापेशी घडताना जनुकांचं नियंत्रण कसं होतं, यावर पीएचडी करायची आहे. तीन महिन्यांचा ‘स्टेम सेल’ कोर्स फी भरून करू का? कोडिंग यावंच लागतं का?

उत्तर : कोर्सचे पैसे वाचव. मूलपेशी जोपासायला तीन महिन्यांत हात बसत नाही, आणि मुलाखतीत विचारतात ते ‘हा घटक का घातला?’ असं.

त्याची तयारी आत्ताच कर. पेशींना मिळणारे बीएमपी आणि टीजीएफ-बीटा हे प्रथिनांचे संदेश रोखले की मूलपेशी चेतापेशींच्या वाटेला लागतात. सॉनिक हेजहॉग या संदेश-प्रथिनामुळे त्या फ्लोअर प्लेटच्या, म्हणजे गर्भाच्या चेतानळीच्या तळपट्टीच्या होतात. पुढची खरी मेख सीएचआयआर99021 या (डब्ल्यूएनटी संदेश चालू करणाऱ्या) रसायनाच्या मात्रेत आहे. स्वीडनमधल्या लुंडच्या गटाने 2012 मध्ये दाखवलं की साधारण 0.7-0.8 मायक्रोमोलरला मध्यमेंदूच्या पेशी मिळतात. त्याहून कमी पडलं तर पुढच्या मेंदूकडे झुकतात, 1 च्या वर गेलं तर मागच्या. सेल लाइन (मूलपेशींचा वाण) बदलली की मात्रा पुन्हा ठरवावी लागते.

याहून फसवी चूक पेशी ओळखण्यात होते. फॉक्सए2 आणि एलएमएक्स1ए ही ओळखखुणेची जनुकं दोन्ही दिसली म्हणून बॅच चांगली समजू नये. सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूतल्या शेजारच्या, डोपामिन न बनवणाऱ्या भागाच्या पूर्वपेशींतही ती असतात. मध्यमेंदूची खूण असलेलं ईएन1 जनुक तपासलंच पाहिजे. नंतर नर्र1 आणि पिटएक्स3 ही प्रथिनं टीएच (डोपामिन बनवायला लागणाऱ्या विकराचं) जनुक चालू करतात, पण नुसतं टीएच नॉरअॅड्रेनॅलिनच्या पेशींतही सापडतं. या पेशी आता पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत सोडल्या जात आहेत (क्योटो आणि अमेरिकेतल्या चाचण्यांचे निष्कर्ष एप्रिल 2025 मध्ये आले), तेव्हा इथे ढिलाई चालणारच नाही.

कोडिंग हवंच, पण त्याला प्रयोगशाळा लागत नाही. आर ही प्रोग्रामिंग भाषा शीक, जीईओ या खुल्या डेटा-संग्रहावरून गर्भाच्या मध्यमेंदूचा सिंगल-सेल (एकेका पेशीतल्या जनुकांचा) डेटा फुकट उतरव आणि कोणत्या पेशीत ईएन1 आहे, कोणत्या पिटएक्स2 (सबथॅलॅमिक पेशींची खूण), याचा आलेख काढ. पेशी जोपासण्याचा हात बसवायला उन्हाळी प्रकल्पासाठी पुण्यातल्या आयसर आणि एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) इथल्या शास्त्रज्ञांना मेल कर. सोबत सीव्ही आणि तो आलेख जोड.

बीएस्सीनंतर थेट इंटिग्रेटेड (एमएस्सीसह) पीएचडीही करता येते. मुंबईची टीआयएफआर आणि तिचं बेंगळुरूमधलं जीवशास्त्र केंद्र एनसीबीएस यांच्यासाठी जेजीईईबीआयएलएस ही प्रवेश परीक्षा आहे. एमएस्सी केलीस तर नेट-जेआरएफ दे.