रुपयाच्या नाण्यावर दोन्हीकडे सिंहच आहे, एका बाजूला उलटा, हे खरं मिंट एरर, म्हणजे टांकसाळीत नाणं पाडताना झालेली चूक आहे का?

असू शकतं, आधी नीट बघा. उलटा सिंह बोटाला खोलगट लागतोय का, म्हणजे शिक्का दाबल्यावर चिखलात उमटतो तसा? मग ते ब्रॉकेज, म्हणजे खरं एरर. होतं असं की आधीचं नाणं डायला, म्हणजे छाप उठवणाऱ्या साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर डायऐवजी तेच दाबलं जातं, म्हणून उमटतं ते आरशातल्यासारखं आणि आत गेलेलं. पण दोन्हीकडचे सिंह वर उठलेले असतील तर मला शंका येते, बरेचदा दोन नाणी घासून चिकटवलेली असतात, कडेला भिंगातून सांधा दिसतो आणि टाकल्यावर आवाज पण बद्द येतो.

सालाखालची खूण म्हणजे एरर नव्हे हां! नाणं कुठल्या टांकसाळीतलं ते ती सांगते: पत्त्यातल्यासारखी चौकट मुंबईची, चांदणी हैदराबादची, टिंब नोएडाचं, खूण नसेल तर कोलकाता. त्या व्हरायटी, म्हणजे एकाच नाण्याचे वेगवेगळे प्रकार, त्या पण जमवायला फार मजा येते, रोजच्या सुट्ट्या पैशातून मिळतात.

आणि प्लीज चिंच लावून घासू नका, मूळ झळाळी गेली की घेणारा लगेच भाव पाडतो. ऑनलाइन कोणी लाखो देतो म्हणून आधी कमिशन मागितलं तर एक रुपया पाठवू नका, रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये तसा इशारा दिलाय. पुण्यात असाल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात दोन-तीन जणांना दाखवा, पहिल्याच भावाला देऊ नका.