दोनशे मीटरचा छोटा दगड

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. किलो-हेक्टो-डेकाची शिडी त्याला तोंडपाठ आहे, पण गणित समोर आलं की गडबडतो. ८०० मीटरचे किलोमीटर करायला सांगितले तर कधी ०.०८ लिहितो कधी ८.०, आणि विचारलं तर म्हणतो पॉइंट कुठे द्यायचा तेच कळत नाही. कसं शिकवू?
– एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, शिडी थोडे दिवस बाजूला ठेवा आणि येत्या रविवारी सकाळी त्याला गाडीवर मागे बसवून गावाबाहेरच्या एखाद्या शांत रस्त्याला घेऊन जा. किलोमीटरचे मोठे दगड सगळ्यांनाच माहीत असतात, नॅशनल हायवेचा डोक्यावर पिवळा, स्टेट हायवेचा हिरवा. पण दोन मोठ्या दगडांच्या मधे छोटे छोटे चार दगड असतात आणि त्यांच्यावर नुसतं २, ४, ६, ८ एवढंच लिहिलेलं असतं, ते फारसं कुणी बघत नाही. रुंदीकरणात बऱ्याच ठिकाणचे गेलेत, तरी शोधले की सापडतात. हे दगड दर २०० मीटरवर असतात. म्हणजे २ लिहिलंय तिथे २०० मीटर झाले, तेच ०.२ किमी. ८ लिहिलंय तिथे ८०० मीटर, तेच ०.८ किमी. मुलाला जो पॉइंट वहीत सापडत नाही ना, तो तिथे रस्त्याच्या कडेला दगड होऊन उभा आहे. एकदा त्या ८ च्या दगडावर हात ठेवला की ०.०८ त्याच्या हातून परत लिहिलं जाणार नाही असं मला मनापासून वाटतं.

आणि तिथे गेलाच आहात तर मोठ्या दगडापासून २ च्या दगडापर्यंत त्याला चालायला लावा आणि पावलं मोजायला सांगा. समजा ३५० पावलं झाली, तर २०० मीटर म्हणजे २०,००० सेंटीमीटर, त्याला ३५० ने भागलं की एक पाऊल साधारण ५७ सेंटीमीटरचं निघतं. आता मीटरचे सेंटीमीटर करायला त्याला स्वतःचं कारण मिळालं, त्याला त्याचं पाऊल माहीत करून घ्यायचंय! पुढे घर ते शाळा, शाळा ते ग्राउंड, सगळं तो स्वतःच मोजत सुटेल.

उत्तर आल्यावर ते डोळ्यासमोर आणायची सवयही लावा. ०.०८ किमी म्हणजे ८० मीटर. क्रिकेटचं पिच २२ यार्डांचं, म्हणजे २० मीटरला जरासं जास्त, तेव्हा ८० मीटर म्हणजे फक्त चार पिच एकापुढे एक. ज्या अंतराचं गणित चाललंय ते खरंच एवढं जवळ आहे का, हे मुलं लगेच सांगतात.

अजून एक, किलो म्हटलं की मुलांना फक्त वजन आठवतं कारण घरात आपण 'एक किलो साखर' म्हणतो आणि ग्रॅम गिळून टाकतो. किलो म्हणजे हजार, सेंटी म्हणजे शंभरावा भाग, मिली म्हणजे हजारावा, हे तीन पक्के झाले की रोजचं काम भागतं. हेक्टो आणि डेका परीक्षेपुरते राहू देत.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. ती सांगते ऑफिस ३० मैलांवर आहे, रस्त्यावर स्पीड लिमिट ६५ आहे, मला काही अंदाज येत नाही. १.६ ने गुणा म्हणते पण मला तोंडी जमत नाही. आणि आपल्याकडे किलोमीटर येऊन एवढी वर्षं झाली तरी आपण मैलाचा दगड का म्हणतो?
– एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, तुम्ही लहानपणी फर्लांग ऐकलाच असेल, 'देऊळ फर्लांगभर लांब आहे' वगैरे. आठ फर्लांगांचा एक मैल. आणि एक फर्लांग म्हणजे २०१ मीटर, म्हणजे जवळजवळ वरच्या उत्तरातल्या त्या छोट्या दगडाएवढंच अंतर! मैलात अशी आठ अंतरं बसतात आणि किलोमीटरमधे पाच, म्हणून ५ मैल म्हणजे ८ किलोमीटर. एवढंच लक्षात ठेवा, पाचाने भागा आणि आठाने गुणा. ३० मैल म्हणजे सहा पाचे, सहा आठे अठ्ठेचाळीस, ४८ किमी, म्हणजे लेक रोज साधारण कोल्हापूर ते सांगली जाते असं समजा. ६५ म्हणजे तेरा पाचे, तेरा आठे एकशेचार, तासाला १०४ किमी.

मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ ला झाला आणि मग टप्प्याटप्प्याने ती मापं आली, पण शब्द कायद्याने बदलत नाहीत. रस्त्याची निगा राखणाऱ्याला लोक अजून मैलकुलीच म्हणतात.

प्रश्न : १० मीटर बाय १२ मीटरचा प्लॉट घेतोय. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणून मी १२० ला ३.२८ ने गुणलं तर ३९३ चौरस फूट आलं. ब्रोकर १२९१ सांगतो. फसवतोय का? आणि आर आणि गुंठा एकच ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, ही चूक भलीभली माणसं करतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. ३.२८ हा लांबीचा आकडा आहे. प्लॉटला लांबी पण आहे आणि रुंदी पण, दोन्हीकडून मीटरचे फूट व्हायला पाहिजेत, म्हणून ३.२८ ने दोनदा गुणायचं. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. शंका राहिली तर आधी दोन्ही बाजू फुटात करा, ३२.८ आणि ३९.४, आणि मग गुणा, १२९१ च्या आसपासच येईल.

आर आणि गुंठा मात्र एकच नाहीत, आणि इथे खरंच जपून राहा कारण बोलताना सगळेच ते सारखे धरून चालतात. आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, १०० चौरस मीटर, १०७६ चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ही ३३ फुटांची लांबी जमीन मोजायच्या जुन्या साखळीची, बरोबर अर्ध्या क्रिकेट पिचएवढी. एका गुंठ्याला १३ चौरस फुटांचा फरक काहीच वाटत नाही, पण एकर म्हणजे ४० गुंठे, आणि सातबाऱ्यावर तोच एकर ०.४०.४७ असा दिसतो, शून्य हेक्टर, ४० आर, ४७ चौरस मीटर. तिथे कुणी ४० आरलाच एकर म्हणून व्यवहार केला तर ४७ चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फूट गेले, जवळजवळ अर्धा गुंठा. त्यामुळे भाव गुंठ्याचा ठरलाय की आरचा ते तोंडी न ठेवता कागदावर घ्या.

तुमचा प्लॉट १२० चौरस मीटर, १.२ आर, गुंठ्यात जेमतेम १.१९. ब्रोकरचा १२९१ चा आकडा बरोबर आहे.