नागपूर ते टोरांटो : अंतर किती, वेळ किती?

प्रश्न : मुलगी सप्टेंबरात शिकायला टोरांटोला चालली आहे. मोबाइल नागपूर–टोरांटो अंतर १२,४९० किलोमीटर दाखवतो. तिकिटावर मात्र दिल्लीहून रात्री २ ला निघून त्याच दिवशी सकाळी ८ ला पोहोच, असं आहे. सहा तासांत कॅनडा कसा येईल? कतारमधल्या दोहामार्गे तिकीट स्वस्त आहे. ते जवळ पडेल का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. सप्टेंबरात टोरांटो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. सहात साडेनऊ मिळवा : प्रवास साडेपंधरा तासांचा. येताना हेच साडेनऊ वजा करायचे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ एक तास मागे जातं, मग फरक साडेदहाचा होतो. फोन करतानाही हे ध्यानात ठेवा.

आता अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, फसाल. गावच्या शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि नागपूर ते टोरांटो दोरा ताणून धरा. दोरा पश्चिम युरोपकडे न वळता दिल्लीजवळून ताजिकिस्तान, कझाकस्तान, रशिया करत थेट आर्क्टिक समुद्रावर चढतो आणि पलीकडून कॅनडात उतरतो. गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल.

दिल्ली या दोऱ्यावरच आहे, म्हणून तिथे उतरल्याने अंतर वाढत नाही : नागपूर–दिल्ली ८५० आणि दिल्ली–टोरांटो ११,६४० किलोमीटर, बेरीज तेवढीच. दोहामार्गे मात्र २,८४० अधिक १०,८८०, म्हणजे सव्वाबाराशे किलोमीटरचा फेरा. हवेतला दीड तास त्यातच जातो, दोह्यातलं थांबणं वेगळं.

ताशी ८७० च्या सरासरीने दिल्ली–टोरांटो साडेतेरा तासांत व्हायला हवं. वरचे दोन तास कुठले? एक तर वेळापत्रकात विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर लागेपर्यंतचा वेळ धरतात, त्यात धावपट्टीची रांगही येते. दुसरं, विमान दोऱ्यावरून जातच नाही. कॅनडाच्या विमानांना २०२२ पासून रशियाचं आकाश बंद आहे आणि भारतीय विमानांना एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं. त्यामुळे कंपनीगणिक वाट आणि वेळ बदलते. शिवाय दहा-अकरा किलोमीटर उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतो. जाताना तो आडवा येतो, येताना पाठीशी असतो, म्हणून परतीचा प्रवास बहुधा तासाभराने कमी.

आमचा आग्रह एवढाच, की नागपूर–दिल्ली आणि दिल्ली–टोरांटो एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण नागपूरचं विमान लेट झालं तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही. देशांतर्गत तिकिटावर सामानही बहुधा १५ किलोच चालतं; २३-२३ किलोच्या दोन बॅगा घेऊन गेलात तर जास्तीचे पैसे नागपुरातच मोजावे लागतील. दिल्लीत इमिग्रेशन, म्हणजे देशाबाहेर जाताना पासपोर्टची तपासणी, व्हायचं असतं, तेव्हा मध्ये निदान चार तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे त्याहून जास्त.

नागपूरच्या काउंटरवर बॅगेला पट्टी लागली की मुलीला ती वाचायला सांगा. त्यावर वाय-वाय-झेड, हा टोरांटोचा कोड हवा. नुसता दिल्लीचा डी-ई-एल असेल तर तिथेच विचारा, नाहीतर बॅग दिल्लीच्या पट्ट्यावर फिरत राहील.