जुना डेस्कटॉप टीव्हीला जोडून सिनेमे, गाणी आणि घरचे व्हिडिओ बघता येतील का? त्यासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल का?

येतील, आणि ग्राफिक्स कार्ड अजिबात घेऊ नका. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क आणि ४३ इंची फोर-के टीव्ही, एवढं तुमच्याकडे आहे असं तुम्ही लिहिलंय. वडिलांचा नाट्यसंगीताचा साठा, लग्नकार्यांचे व्हिडिओ आणि सिनेमे हॉलमध्ये लावायला एवढं भरपूर झालं. पैसे घालायचे ते २५६ जीबीच्या साटा एसएसडीत (हार्डडिस्कच्याच जोडणीवर बसणारी, पण कितीतरी वेगवान डिस्क) आणि आणखी एका ४ जीबी रॅममध्ये. कोल्हापूरच्या राजारामपुरीत दुकानात गेलात की रॅमचा प्रकार डीडीआर-३ असं स्पष्ट सांगा. डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही. ऑपरेटिंग सिस्टीम एसएसडीवर टाका, जुनी डिस्क फक्त साठ्याला ठेवा.

या प्रोसेसरची मर्यादा आधीच माहीत असलेली बरी. त्याच्या एचडीएमआयमधून फोर-के फक्त ३० हर्ट्झवर निघतं, त्यामुळे माऊस आणि हलती दृश्यं अडखळतात. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० आणि ६० हर्ट्झ ठेवा. एच.२६४ या जुन्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हिडिओ प्रकारातल्या फाइली सहज चालतात. एचईव्हीसी (एच.२६५) हा नवा प्रकार मात्र हार्डवेअरमध्ये उलगडत नाही. त्यातली फोर-के फाइल लावलीत की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चित्र थांबत थांबत चालतं. यूट्यूबही नवे प्रकार पाठवतं आणि तसंच होतं, म्हणून ब्राउझरमध्ये त्याला एच.२६४ च द्यायला लावणारं एच२६४-इफाय हे एक्स्टेन्शन टाका. ओटीटी मात्र टीव्हीच्याच अ‍ॅपवर बघा. ब्राउझरमध्ये बऱ्याचदा कमी दर्जाचं चित्र येतं आणि त्यावर तुमच्या हातात काही उपाय नसतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. म्हणून लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका, त्यावर कोडी हा सिनेमे-गाणी लावायचा मोफत प्रोग्राम. लॉगिन आपोआप होईल असं करा आणि स्टार्टअपच्या यादीत कोडी घाला, म्हणजे बटण दाबलं की थेट पोस्टरांचा पडदा येईल. टीव्हीवर चित्राच्या कडा कापलेल्या दिसल्या तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा. दोष संगणकाचा नसतो.

खरी मेहनत आहे ती फाइलींची नावं लावण्यात. कोडी नाव आणि साल बघून माहिती शोधतं, आणि साल इंग्रजी आकड्यांतच लागतं. देवनागरी आकडे त्याला ओळखू येत नाहीत. आपल्या कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही केला. अशा वेळी साल एकच असतं, तेव्हा नाव त्या त्या भाषेतलंच अचूक हवं. लग्नाचे व्हिडिओ वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तो जोडताना ‘या फोल्डरमध्ये काय आहे’ याला ‘नन’ निवडा, नाहीतर ताईच्या लग्नाला भलत्याच सिनेमाचं पोस्टर लागतं. गाण्यांचं याच्या उलट: तिथे फाइलीचं नाव नाही, आतले टॅग (फाइलीतच साठवलेली गायक, अल्बम अशी माहिती) बघितले जातात. कॅसेटवरून उतरवलेल्या पदांना टॅग नसतातच. ईझीटॅग या टॅग भरायच्या प्रोग्राममध्ये अल्बमच्या जागी नाटकाचं नाव आणि आर्टिस्टच्या जागी गायकाचं नाव भरा. कंटाळवाणं काम आहे, पण वडिलांना हवं ते पद पटकन सापडेल ते यामुळेच.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि पार्श्वसंगीत कानठळ्या बसवणारं, ही तक्रार हमखास येते. ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा आवाज दोन स्पीकरवर उतरताना असं होतं. कोडीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये चॅनेल २.० करा आणि पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच टीव्हीकडे पाठवणं) बंद ठेवा. पासथ्रू चालू असेल आणि टीव्हीला डीटीएस हा सिनेमांतला आवाजाचा प्रकार समजत नसेल, तर आवाजच येत नाही. जुना अ‍ॅम्प्लिफायर जोडल्यावर सतत घूं असा आवाज आला तर केबल बदलत बसू नका, आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. संगणक, टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर घेतले की बहुतेक वेळा तो आवाज जातो.

टीव्हीच्या रिमोटने कोडी चालणार नाही, कारण डेस्कटॉपच्या एचडीएमआयवर सहसा सीईसी, म्हणजे रिमोटचे इशारे केबलमधून पोचवायची सोय, नसतं. अँड्रॉइड फोनवर कोडीचा रिमोट म्हणून कोरे अ‍ॅप घ्या, आणि घरातल्या मोठ्यांसाठी टचपॅडवाला छोटा वायरलेस कीबोर्ड. त्याचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) कॅबिनेटच्या मागे, यूएसबी ३ च्या पोर्टात लावू नका. पत्रा आड येतो आणि यूएसबी ३ चा गोंगाट कीबोर्ड वापरतो त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, मग बटणं अडकतात. एक्स्टेन्शन वायरने डोंगल पुढे आणा.

टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबू नका, मागे चार बोटं तरी जागा सोडा. आपल्याकडच्या पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद राहिलं की कधीकधी रॅमच्या संपर्कपट्ट्यांचा संपर्क नीट होत नाही आणि स्क्रीन काळीच राहते. वीज काढा, रॅम काढा, खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसा, परत बसवा. वेबसाइट अचानक ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणू लागल्या तर तारीख बघा. ती मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. लाइट जाण्यासाठी ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो, पण त्यावर अ‍ॅम्प्लिफायर टाकू नका.

आणि साठा हलवण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत मिंटच्या ‘डिस्क्स’मध्ये स्मार्ट डेटा (डिस्क स्वतःच ठेवते ती तिच्या तब्येतीची नोंद) उघडून बघा. रीअ‍ॅलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागांचा आकडा वाढत असेल तर ती डिस्क बाद समजा. लग्नाचे व्हिडिओ आणि नाट्यसंगीत यांची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, आणि कॉपी झाली की ती काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली राहिली तर वीज कडाडून दोन्ही एकदम जाऊ शकतात.