पद्मिनीचं इंजिन: आधी पिस्टन, मग बोअरिंग

प्रश्न: प्रीमियर पद्मिनीला आजच्या बाजारातले ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठे) पिस्टन घालायचे आहेत. ब्लॉक आधी बोअर करून (सिलिंडरची भोकं कापून मोठी करून) ठेवू का? नव्या पेट्रोलसाठी काय बदलावं?

उत्तर: आधी बोअर अजिबात नको! मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिमी, पण पिस्टनच्या खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. चारही पिस्टन वर्कशॉपला नेऊन द्या. स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) मायक्रोमीटरने मोजून, पिस्टनसोबत दिलेल्या क्लिअरन्सप्रमाणेच (पिस्टन आणि सिलिंडरमधल्या फटीप्रमाणेच) बोअर होऊ दे. होनिंगनंतर (सिलिंडरची भिंत दगडाने घासून झाल्यावर) ब्लॉक गरम साबणपाण्याने घासा, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत. नुसत्या रॉकेलने बारीक कुरुंद निघत नाही आणि तोच नव्या रिंगा खातो.

रिंग बोअरमध्ये सोडा, उलट्या पिस्टनने अडीच सेंटिमीटर खाली सरळ ढकला, रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. वरच्या रिंगेला साधारण ०.२७ ते ०.३५ मिमी फट हवी. कमी असेल तर टोकं हलक्या हाताने कानसा. नाहीतर तापल्यावर टोकं भिडून रिंग तुटते. रिंग बसवताना खुणेची बाजू वर.

नव्या पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे जुनं रबर फुगतं, तडकतं. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) इथेनॉलला टिकणारेच घ्या.